फोन सोयीचा करायला निघालात? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगतो: बाइकच्या हँडलला फोन अडकवणं. होल्डर स्वस्तात मिळतो, मॅप डोळ्यांसमोर राहतो, मग बिघडतं कुठे? बिघडतो कॅमेरा. बऱ्याच चांगल्या फोनमध्ये ओआयएस, म्हणजे थरथरत्या हातातही फोटो स्थिर ठेवणारी सोय असते. हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून आतली लेन्स घट्ट बसवलेली नसते, हालचाल ओळखणारा जायरोस्कोप सांगेल तशी ती सरकते. इंजिनाची थरथर हँडलमधून थेट या नाजूक जुळणीपर्यंत पोचते. ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं की दणकट इंजिनाच्या मोटरसायकलवर आयफोन असा लावू नका. स्कूटरवरसुद्धा थरथर शोषणारा माउंट वापरा, आणि तोही सतत तासन् तास नको.

माझ्या भाच्याला हे सांगितलं होतं. "मामा, सगळेच लावतात." साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची बाइक, पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून दिवेआगर. परत आला तेव्हा फोटोंतल्या कडा विरघळलेल्या, जवळचं फोकस लागेना, कॅमेरा उघडला की मागून बारीक गुणगुण. साहेबांनी आधी कॅमेऱ्याचं ॲप बदललं, मग फोन रीसेट केला (बॅकअप न घेता!), मग कुठल्याशा व्हिडिओत बघून लेन्सजवळ चुंबक धरला. शेवटी कॅमेऱ्याचा अख्खा भागच बदलावा लागला. होल्डर आता विकायला काढलाय.

मी निघण्याआधी पुढची दोन-तीन वळणं बघून घेतो आणि फोन खिशात टाकतो. चुकलोच तर टपरीवर विचारतो, चहाही होतो. ज्यांचं पोटच डिलिव्हरीवर आहे, त्यांनी रबरी डॅम्परचा माउंट घ्यावा किंवा हँडलला ओआयएस नसलेला जुना फोन लावावा.

दुसरं माझं दुखणं म्हणजे 'क्लीनर' आणि 'बूस्टर' ॲप्स. फोन जरा अडखळला की लोक हे डाउनलोड करतात, आणि मग लॉक स्क्रीनवरही जाहिराती येतात म्हणून मलाच फोन करतात. अँड्रॉइड स्वतःची रॅम स्वतः सांभाळतं. तुम्ही बळजबरीने बंद केलेलं ॲप पुढच्या वेळी पहिल्यापासून उघडावं लागतं, त्यात बॅटरी उलट जास्त जाते. जागा खरी खातं ते व्हॉट्सॲप. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज'. कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते तिथे उतरत्या क्रमाने दिसतं. ५ एमबीच्या वरच्या फाइल्स वेगळ्या काढलेल्या असतात, तिथूनच सुरुवात करा. शेजारच्या काकूंच्या फोनमध्ये एकाच भजनाचा व्हिडिओ चार ग्रुपमधून आलेला सापडला. नंतर 'मीडिया ऑटो-डाउनलोड' बंद करा. हे काम मी रविवारी सकाळी बसून करतो. एका बटणात सगळं साफ व्हायला हवं असेल, तर तुमच्या लग्नाचे फोटोही कधीतरी त्याच बटणात जातील.

टॉर्चसाठी वेगळं ॲप तर अजिबात नको. अँड्रॉइड ५ पासून ती सोय वरून ओढायच्या पट्टीतच आहे.

लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) आली, तर पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी उघडू नका. त्याचाच फोन हॅक झालेला असू शकतो.

"पासष्ट वॉटचा चार्जर घेतला तरी हळू चार्ज होतो" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांनी आधी केबल बघावी. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या साध्या केबलमधून ३ अँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॉट जातात. त्यापुढे ५ अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते. काही कंपन्यांचं फास्ट चार्जिंग तर त्यांच्याच अडॅप्टर आणि केबलच्या जोडीवर पूर्ण वेग देतं. लोकलमध्ये मिळणाऱ्या काही केबलींत डेटाच्या ताराच नसतात, मग लॅपटॉपला फोन दिसत नाही म्हणून शिव्या लॅपटॉपला.

पॉवर बँकवरचा १०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलचा, साधारण ३.७ व्होल्टचा असतो. ५ व्होल्टला बाहेर किती मिळणार ते 'रेटेड कपॅसिटी' म्हणून बारीक अक्षरात छापलेलं असतं, बहुधा सहा हजारांच्या आसपास. घेताना तेच वाचा. विमानाने जाताना ती चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा.

आणि यूव्ही ग्लास, म्हणजे पातळ गोंद ओतून यूव्ही दिव्याखाली चिकटवायची स्क्रीनवरची काच, घरी बसवू नका. तो पातळ गोंद कानाच्या स्पीकरच्या जाळीत उतरला की समोरच्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, आणि ती जाळी नीट साफ करून देणारा दुकानदार मला अजून भेटलेला नाही.