रात्री फोन करताना पहिलं वाक्य

जोडीदार गंभीर आजारी असेल तर रात्री-अपरात्री डॉक्टरांना फोन लागल्यावर सगळा इतिहास सांगत बसू नका. वय, मूळ आजार आणि आत्ता काय बिघडलंय, एवढंच आधी. केमोथेरपी सुरू असेल तर तेच पहिलं वाक्य: ‘केमो चालू आहे, ताप १००.४ फॅरनहाइट आहे.’ एरवी किरकोळ वाटणारा हा ताप अशा रुग्णात तातडीचा असतो. मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, खरा आकडा झाकला जातो. खूप धाप, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, अचानक बोलणं अडखळणं असेल तर डॉक्टरांच्या फोनची वाट न पाहता थेट रुग्णवाहिका. रात्री घाबरून औषधांची नावंही आठवत नाहीत. म्हणून यादी, ॲलर्जी आणि शेवटच्या डोसची वेळ कागदावर लिहून फोनजवळच ठेवा.