'कट' शिकायचा तर असा

अर्थांची यादी पाठ करू नका. इंग्रजी डिक्शनरीत 'कट'खाली अर्थांची जी रांग लागते, ती कुणाच्याच लक्षात राहत नाही. माझ्या संध्याकाळच्या वर्गाला दुकान बंद करून येणारी मंडळी असतात. त्यांना मी तो असा शिकवते.

आपण भाजी चिरतो, कापड कातरतो, ऊस तोडतो, भात कापतो, नखं काढतो. इंग्रजीत एकट्या 'कट'वर हे सगळं भागतं. लाकूड फोडायचं असेल तर मात्र 'चॉप'. भूतकाळातही 'कट'च, 'कटेड' ऐकलं की मी खडू खाली ठेवते. 'शी कट्स द केक' म्हणजे कापते, 'शी कट द केक' म्हणजे कापला. तेवढ्या एका 'स'वर काळ ओळखायचा.

माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो केसांवर. 'मी काल केस कापले' असं आपण बिनधास्त म्हणतो. कापलेले असतात सलूनवाल्याने. तेच 'आय कट माय हेअर' म्हणालात, तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही आरशासमोर उभं राहून स्वतःच कात्री चालवलीत. 'आय गॉट अ हेअरकट' म्हणा. नाहीतर 'आय हॅड माय हेअर कट'. यात 'हेअर' आधी, 'कट' शेवटी. 'आय हॅड कट माय हेअर' केलंत की कात्री परत तुमच्याच हातात!

पुढची पायरी म्हणजे 'कट'च्या शेपटाला लागलेला शब्द. खरा अर्थ तिथेच असतो. डॉक्टर साखरेबद्दल 'कट डाउन' म्हणाले, तर चहात अर्धा चमचा चालेल. 'कट आउट' म्हणाले, तर एक दाणाही नाही. 'कट इन' म्हणजे मध्येच तोंड घालणं, नाहीतर रांगेत घुसणं. 'कट ऑफ' म्हणजे जोडलेलं तुटणं: वीज, पाणी, रस्ता. बोलता बोलता लाइन गेली तर 'वी गॉट कट ऑफ'. फोन तुम्ही स्वतः ठेवलात तर 'आय हंग अप'. 'आय कट द कॉल' आपल्याकडे सगळ्यांना कळतं, बाहेरच्याला थबकायला होतं.

नामाचं फार अवघड नाही. पगाराला जोडून आला तर कपात, दलालाच्या तोंडी आला तर त्याचा वाटा, क्रिकेटमध्ये फटका.

रिक्षावाल्याने कट मारला हे सांगायचं झालं तर अमेरिकन माणूस 'ही कट मी ऑफ' म्हणतो, इंग्लंडमधला 'ही कट मी अप'. आणि लंडनच्या हॉटेलात 'वन कटिंग' मागू नका. तिथे कटिंग म्हणजे वर्तमानपत्राचं कात्रण, नाहीतर कुंडीत लावायची फांदी. 'हाफ अ कप' म्हणा.