माहिती फुकट, मसुदा विकत: सोसायटीवाल्यांसाठी न्यूजलेटर चालवताना

सप्टेंबर लागला की माझ्या पत्राचे वाचक आपोआप वाढतात. यात माझं कर्तृत्व काही नाही. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, आणि या दोन्ही गोष्टी गणपती उठल्यावर आठवणारे सेक्रेटरी ठाण्यात गल्लोगल्ली आहेत. मीही त्यातलीच. पाचपाखाडीतल्या ३२ बिऱ्हाडांच्या आमच्या इमारतीची पाच वर्षं सेक्रेटरी होते. दिवसा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याचे हिशेब लिहिते आणि दर बुधवारी रात्री सोसायटीच्या कारभारावर एक ई-मेल पाठवते. आज ती १,९०० जणांना जाते आणि ८६ सोसायट्या वर्गणी भरतात. तुम्हाला स्वतःचं न्यूजलेटर सुरू करायचं असेल तर विषय तुमचा घ्या, हिशेब माझा बघा.

विषय निवडताना मी आधी चुकले. पहिली चार पत्रं मासुंदा तलावावरची संध्याकाळ, राम मारुती रोडवरची दिवाळी पहाट असल्या थाटाची होती. नातेवाईकांनी कौतुक केलं, पुढे कोणी पाठवलं नाही. पाचव्या आठवड्यात विषय सुचेना, म्हणून ‘१४ दिवस कसे मोजायचे’ एवढंच लिहिलं: नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही, सभेचाही धरायचा नाही, म्हणजे २८ तारखेला सभा असेल तर नोटीस उशिरात उशिरा १३ तारखेला लागली पाहिजे. ते पत्र तीन दिवसांत माझ्या ओळखीबाहेर गेलं. पत्र छान वाटलं म्हणून कोणी पुढे पाठवत नाही. दुसऱ्याची अडचण सुटेल असं वाटलं की पाठवतो. तेव्हा आपल्याला काय आवडतं याच्या आधी, रविवारी सकाळी कोण कशावर अडून बसलंय ते शोधा. माझ्याकडे अशा अडचणींचा तोटा नाही. हस्तांतरणाचं प्रीमियम (घर दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ते) २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही, भाड्याने दिलेल्या घराचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर जात नाही, एवढ्या दोन वाक्यांवर कमिट्यांमध्ये भांडणं होतात.

सुरुवातीला मी पत्र माझ्याच जीमेलवरून बीसीसीमध्ये (म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही अशा रकान्यात) पत्ते टाकून पाठवायचे. साध्या खात्यावरून दिवसाला ५०० पत्त्यांची मर्यादा असते, आणि नाव काढायचं असेल तर माणसाला मलाच लिहावं लागायचं. शंभराच्या पुढे गेलात की हे बंद करा. न्यूजलेटरची कुठलीही बरी सेवा घ्या, स्वतःचं डोमेन, म्हणजे ई-मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं नाव, विकत घ्या आणि त्याच्या सेटिंगमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी करून घ्या. हे पत्र खरंच तुमच्याकडून आलंय याचा तो दाखला. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू या नोंदींबाबत कडक झालेत. जमत नसेल तर शेजारच्या इंजिनिअर मुलाला वडापाव देऊन बसवा, तासाभराचं काम आहे.

पण सगळ्यात महाग पडली ती माझी हाव. एका चर्चासत्राच्या हजेरीवहीतून मी १४० ई-मेल पत्ते उतरवून घेतले आणि न विचारता यादीत घातले. तोवर यादीत ३१० होते, एकदम ४५० झाले. गूगलची अट अशी की स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याला पोचता कामा नयेत. गणित करा: ४५० पत्रांत फक्त दोघांनी ‘स्पॅम’चं बटण दाबलं की ०.४४ टक्के. किती जणांनी दाबलं ते कळलं नाही, पण पुढचे दोन महिने जुन्या वाचकांचे फोन, “ताई, पत्र बंद केलंत का?” पत्र त्यांच्या स्पॅममध्ये पडून होतं. १४० नावं काढली, प्रत्येकाला माफीचं एक पत्र लिहिलं, त्यातले ११ जण आपणहून परत आले. कायद्यातही हे बसत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट हवी आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं हवं. म्हणून ‘पत्र नको असेल तर इथे’ ही ओळ मी तळाशी नाही, वरच ठेवते.

वर ठेवण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते मराठीत लिहिणाऱ्यांनी नीट समजून घ्यावं. पत्राचं वजन १०२ केबीच्या पुढे गेलं की जीमेल ते मध्येच कापतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘सोसायटी’ या शब्दात काना-मात्रा-वेलांटी धरून सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. इंग्रजीत तोच शब्द सातात बसतो. शिवाय सेवेचा साचा स्वतःचा कोड भरतो तो वेगळाच. लांब मराठी पत्र कापलं गेलं की तळाची ‘नाव काढा’ ओळ दिसत नाही, आणि वैतागलेला माणूस सरळ स्पॅम दाबतो. माझं पत्र आता ७०० शब्दांवर जात नाही.

किती जणांनी उघडलं हा आकडा बघून खूश होऊ नका. २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप पत्रातली चित्रं आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे न वाचलेलंही वाचलेलं दिसतं. मी उत्तरं मोजते. आठवड्याला दहा उत्तरं आली तर पत्र जमलं.

वाचक वाढवायला व्हॉट्सॲपवर फार भरवसा ठेवू नका. तिथे मजकूर फिरतो, नाव गळून पडतं. मला खरी मदत झाली ऑडिटरांची. एकेक ऑडिटर कितीतरी सोसायट्यांची दप्तरं तपासतो आणि सगळीकडे तेच दोष लिहितो. मी त्यांच्यासाठी ‘ऑडिटला दप्तर लावताना’ असं एक पान केलं, खाली क्यूआर कोड. वाशीच्या एका ऑडिटरनी ते आपल्या सगळ्या सोसायट्यांना धाडलं, आठवड्यात ६१ नवीन नावं आली. तुमच्या विषयातही असा कोणीतरी असतो, ज्याच्याकडे सगळे जातात आणि जो तेच तेच सांगून दमलाय. बागकामावर लिहिणार असाल तर नर्सरीवाला, दहावीवर लिहिणार असाल तर क्लासवाला. त्याचं बोलणं वाचवा.

नवी मुंबईची नावं यायला लागल्यावर नोंदणीच्या वेळी मी एकच प्रश्न वाढवला: सोसायटी ठाण्यात की खाडीपलीकडे? तिकडे जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची, इकडे डोकेदुखी डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर केली नाही तर ती सरकारकडून करून घेण्याची. नेरूळच्या माणसाला कन्व्हेयन्सचं पत्र गेलं की तो पुढचं उघडत नाही.

आता पैसे. माहिती मी फुकट ठेवली आहे, विकते ते मसुदे. नोटीस, इतिवृत्त, थकबाकीदाराला पत्र, ठराव: नाव-तारीख भरा आणि छापा. वर्षाला १,५०० रुपये. दरमहा घेऊन पाहिलं, जमलं नाही, कारण सोसायटीकडे कार्ड नसतं. खात्यावर दोघांच्या सह्या लागतात आणि चेक फाडायला दोघं एकत्र भेटावे लागतात. सबस्टॅकसारखी सेवा वर्गणीतले १० टक्के घेते आणि तिथे पैसे घ्यायला स्ट्राइप या ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीचं खातं लागतं, जे भारतात सध्या निमंत्रणाशिवाय उघडत नाही. म्हणून मी एप्रिलमध्ये साधं बिल पाठवते, पॅनसकट, आणि चेक किंवा एनईएफटी घेते. ‘सबस्क्रिप्शन’ हा शब्द मी काढून टाकला. ‘वार्षिक वर्गणी’ लिहिलं की खजिनदाराला खर्चाचं हेड लगेच सापडतं: छपाई व स्टेशनरी.

आणि विकायचं ते व्यक्तीला नाही, संस्थेला. सेक्रेटरी स्वतःच्या खिशातून १५० रुपयेही देणार नाही, का द्यावेत? फुकट काम करतोय बिचारा. पण कमिटीपुढे १,५०० चं बिल पाच मिनिटांत पास होतं.

जाहिराती महिन्याला दोन, प्रत्येकी ३,००० रुपये. पहिली वॉटरप्रूफिंगवाल्याची होती. त्याला ती लेखासारखी हवी होती, मी तशी दिली. ऐरोलीहून उत्तर आलं, “ताई, हे तुमचं मत की जाहिरात?” तेव्हापासून वर ठळक ‘जाहिरात’ असतं, जाहिरात मानक परिषदेचा दंडकही तोच आहे. पुनर्विकासवाल्या बिल्डरांची मी घेत नाही. पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते या नियमावर बुधवारी लिहायचं आणि खाली बिल्डरचा फोटो, हे मला जमणार नाही. त्यांचे पैसे मात्र वॉटरप्रूफिंगवाल्याच्या दहापट असतात, हेही सांगून ठेवते.

वर्गणीचे १,२९,००० आणि जाहिरातींचे ७२,०००, मिळून वर्षाचे २,०१,०००. जीएसटीच्या २० लाखांच्या मर्यादेपासून मी लांब आहे. आठवड्याचे सात तास जातात. वागळे इस्टेटची नोकरी चालू आहे.

एक गळती मात्र पाच वर्षांनी कळते. कमिटी बदलते, जुना सेक्रेटरी रुसून बसतो आणि वर्गणी त्याच्या खाजगी जीमेलवर असते. एका वर्षी अशा नऊ सोसायट्या गेल्या. आता नोंदणीच्या वेळी सोसायटीच्या नावाचा ई-मेल मागते; नसेल तर तो कसा काढायचा आणि पासवर्ड कोणत्या कपाटात ठेवायचा, याचंही एक पत्र आहे. ते फुकट आहे.