बीएएसएलपी (कान आणि वाचेची पदवी) झालं, आता पीजी कुठं आणि कशात? गोव्यातल्या पोरांसाठी

इंटर्नशिप संपत आली की फोंडा, डिचोली, काणकोणहून मेसेज यायला लागतात, ताई आता पुढे काय. एकेकाला तेच तेच सांगून थकले म्हणून इथं लिहून ठेवते.

आधी कॉलेज नका बघू, आधी ठरवा की दोन्ही करायचंय की फक्त कान. एमएएसएलपीला स्पीच आणि हिअरिंग दोन्ही असतं, एमएस्सी ऑडिओलॉजीला फक्त कान आणि बॅलन्स. दोन्ही दोन वर्षांचे, चार सेमिस्टर. गोव्यात परत येऊन स्वतःचं क्लिनिक टाकायचं असेल तर माझ्या मते एमएएसएलपी बरं, कारण इथं सकाळी कानाचं मशीन लावायला आजोबा येतात आणि दुपारी न बोलणारं तीन वर्षांचं पोर, आणि दोघांनाही तुम्हीच बघायचं असतं. पण बेरा (कानापासून मेंदूकडे सिग्नल जातो का ते बघणारी तपासणी), व्हीएनजी (डोळ्यांच्या हालचालींवरून बॅलन्सची तपासणी), कॉक्लिअर मॅपिंग (कानात बसवलेल्या इम्प्लांटचं सेटिंग) यातच जीव रमत असेल तर उगाच स्पीच ओढत बसू नका.

मग जागा. म्हैसूरचं आयश, म्हणजे वाचा आणि श्रवणाची केंद्राची संस्था, 1965 पासूनचं, तिथं ऑडिओलॉजी आणि स्पीचचं एमएस्सी वेगवेगळं आहे आणि त्यांची स्वतःची एन्ट्रन्स असते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ, आणि मत्स्यगंधा गाडीनं खाली गेलात तर मणिपाल आणि मंगळूरचं फादर मुल्लर. नुसत्या नावावर जाऊ नका, तिथल्या सिनिअरला फोन करून विचारा की आठवड्याला बेरा किती होतात आणि ते तुम्ही लावता की नुसते मागे उभे राहता. मी हे न विचारता गेले आणि पहिली सहा महिने बहुतेक रजिस्टरच भरलं.

एन्ट्रन्सचा अभ्यास पाठ करून होत नाही हो. इंटर्नशिपमधल्या जुन्या केसेस काढा, निदानाचा कोपरा कागदानं झाका आणि स्वतः वाचा. टिम्पॅनोग्राम (कानाचा पडदा किती हलतो त्याचा आलेख) टाइप बी म्हणजे सपाट आणि एअर-बोन गॅप (हवेतनं आणि हाडातनं ऐकू येण्यातला फरक) दिसतोय, म्हणजे पडद्यामागं पाणी असेल का, पण टाइप बी आला की आधी इअर कॅनाल व्हॉल्यूम (कानाच्या नळीतली जागा) बघायचा, खूप मोठा असेल तर पडद्याला भोकही असू शकतं आणि खूपच छोटा असेल तर मळ अडकलाय किंवा प्रोबच भिंतीला टेकलाय. किंवा ओएई (आतल्या कानातनं परत येणारे बारीक आवाज) छान येतात आणि बेरा सपाट, तर आतल्या कानातल्या आउटर हेअर सेल्स बऱ्या आहेत, गोंधळ पुढे नर्व्हकडे आहे, म्हणजे ऑडिटरी न्यूरोपथीचा (ऐकण्याच्या नर्व्हच्या बिघाडाचा) विचार. हे एकदा डोक्यात बसलं की प्रश्न फिरवून विचारला तरी सुटतो. मास्किंगला (एक कान तपासताना दुसऱ्यात आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवणं) मात्र शॉर्टकट नाही, कागद-पेन घेऊन रोज दोन गणितं सोडवायची, बस्स.

कागदपत्रांचं एक. आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन इंटर्नशिप संपल्या संपल्या करून टाका. आणि ओबीसी असाल तर केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेअर दाखला आधीच काढा, राज्याचा दाखवलात की केंद्राच्या संस्थेत परत पाठवतात, मग फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ.

डिझर्टेशनला विषय गोव्यातनंच घ्या असं मी सगळ्यांना सांगते. शिगम्यात रोमटामेळात ढोल-ताशे वाजवणारी पोरं, त्यांचा 4000 हर्ट्झला नॉच (ऐकण्याच्या आलेखात खड्डा) पडतोय का ते बघा, आवाजानं कान गेला की आधी तिथंच दिसतं. किंवा कोकणी-मराठी शब्दांच्या स्पीच टेस्टच्या याद्या, कारण आजीला हिंदी शब्द ऐकवून तिचा स्कोअर कमी आला तर तो कानाचा दोष की भाषेचा, सांगा बघू. मात्र एथिक्स कमिटीला वेळ लागतो, सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) दुसऱ्या वर्षावर ढकलू नका.

आणि मुंबईला जाणार असाल तर चवथीला घरी यायचं कोकण कन्येचं तिकीट बुकिंग सुरू होईल त्या दिवशी सकाळी 8 लाच काढा, आता 60 दिवस आधी उघडतं. नाहीतर वेटिंगवर बसून मोदकांचे फोटो बघाल.