इंग्रजी शब्दाची जात त्याच्या जागेवरून ओळखा

चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून पाचवीत इंग्रजी माध्यमाला जाणारी गोव्यातली मुलं आणि पुढे नोकरीच्या परीक्षेला बसणारे तरुण, दोघेही एकाच ठिकाणी अडतात. इंग्रजी शब्द दिसला की मनात त्याचा मराठी अर्थ काढायचा आणि त्या अर्थावरून शब्दाची जात ठरवायची. मराठीत 'होडीला', 'होडीने', 'होडीत' म्हटलं की प्रत्ययच शब्दाचं काम सांगतो. इंग्रजीत असे प्रत्यय फार थोडे, म्हणून काम जागेवरून कळतं.

'फास्ट' घ्या. 'अ फास्ट बोट' यात ते विशेषण. 'द बोट गोज फास्ट' यात क्रियाविशेषण. 'दे फास्ट ऑन एकादशी' यात उपवास करणं, म्हणजे क्रियापद. 'शी ब्रोक हर फास्ट' यात नाम. म्हणून सुट्या शब्दाची जात कुणी विचारली, तर आधी वाक्य मागून घ्या.

सुरुवात नेहमी क्रियापदापासून करा. 'द फेरी क्रॉसेस द मांडवी' या वाक्याला 'येस्टरडे' लावा. 'क्रॉसेस'चं 'क्रॉस्ड' झालं. रूप बदललं ते क्रियापद. 'पुट', 'कट' भूतकाळात बदलत नाहीत, तिथे वर्तमानकाळ धरून कर्ता 'ही' करून पाहा: 'ही पुट्स'. इथे आपलं रोजचं बोलणंच आड येतं. आपण 'हेल्प कर', 'ट्राय कर', 'कॉपी केली' म्हणतो. क्रियेचं काम 'करणे'कडे जातं आणि 'हेल्प' नामासारखं वाटू लागतं. इंग्रजीत 'शी हेल्प्स मी' यात 'हेल्प्स' हेच क्रियापद, वेगळं 'करणे' शोधू नका.

नाम ओळखणं त्यामानाने सोपं: 'द' किंवा 'माय' शब्दाच्या आधी लावून पाहा.

खरी गल्लत विशेषण आणि क्रियाविशेषणात होते. 'ती चांगली मुलगी आहे' आणि 'ती चांगली गाते' या दोन्हींत आपला शब्द एकच. इंग्रजीत पहिल्याला 'गुड', दुसऱ्याला 'वेल'. पण 'सोलकढी टेस्ट्स गुड' हे बरोबर, कारण 'गुड' सोलकढीबद्दल सांगतं, चाखण्याच्या रीतीबद्दल नाही. 'लुक', 'स्मेल', 'फील' यांच्यापुढेही हाच प्रश्न विचारा: शब्द कर्त्याचा गुण सांगतो की क्रियेची रीत? शेवटी 'ली' आहे म्हणून क्रियाविशेषण, हा नियम अर्धाच खरा आहे. 'फ्रेंडली', 'कॉस्टली', 'लव्हली' ही विशेषणं. 'हार्डली' म्हणजे 'क्वचितच', 'कष्टाने' नव्हे. त्या अर्थी 'हार्ड'च.

'आफ्टर'सारख्या छोट्या शब्दापुढे काय येतं ते पाहा. 'आफ्टर द रेन' यात पुढे नुसतं नाम, म्हणून शब्दयोगी अव्यय. 'आफ्टर द रेन स्टॉप्ड' यात पुढे कर्ता-क्रियापदासह वाक्यच आलं, म्हणून उभयान्वयी. 'बिफोर', 'सिन्स', 'अन्टिल' असेच वागतात.

'इंग' लागलेल्या शब्दांना वेळ द्या. गोव्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्याबद्दलच्या 'फिशिंग स्टॉप्स इन जून' या वाक्यात 'फिशिंग' कर्ता आहे, म्हणून नाम. 'दे आर फिशिंग' यात ते क्रियापदाचा भाग. 'अ फिशिंग बोट' यावर मात्र पुस्तकांचं एकमत नाही; कुणी त्याला विशेषण म्हणतं, कुणी नामाला जोडलेलं नाम. परीक्षेत दिलेले पर्याय पाहूनच उत्तर ठरवा.

सरावासाठी इंग्रजी दैनिकातली रोज पाच वाक्यं पुरेत. पहिले दहा दिवस फक्त क्रियापदं अधोरेखित करा, बाकी जातींना हात लावू नका. वाक्यं बातमीच्या मजकुरातून घ्या, मथळ्यातून नको. मथळ्यात 'द' आणि 'इज' बरेचदा गाळलेले असतात, आणि नवशिक्याला जागा दाखवणाऱ्या खुणा नेमक्या त्याच.