सेकंडहँड क्रिकेट किट घेताना-विकताना काय बघायचं आणि काय अजिबात घ्यायचं नाही

पोराला सरांनी एकदा सांगितलं की "आता सीझन बॉलवर (चामड्याच्या कडक बॉलवर) यायचं, किट घेऊन ये", की घरात हिशोब सुरू होतो. इंग्लिश विलोच्या लाकडाची बऱ्यापैकी बॅट नवीन घ्यायला गेलं तर पंधरा-वीस हजार सहज जातात, त्यावर पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट, थाय पॅड, शूज, बॅग, आणि पोरगं बारा-तेरा वर्षांचं असेल तर वर्ष-दीड वर्षात ती बॅट त्याला लहान व्हायला लागते. म्हणून मुंबईत मैदानामैदानावर जुनं किट फिरत असतं, या क्लबचं त्या क्लबला, दादाचं धाकट्याला, आणि यात काही वाईट नाही, उलट चांगलंच आहे. आमच्या क्लबमध्ये किटची खोली बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे घेणं-विकणं दोन्ही खूप केलंय आणि फसलोही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. ज्याने तुम्ही बॉल मारता ते जुनं चालतं, नीट बघून घेतलं तर. पण बॉल अंगावर आला तर जे तुम्हाला वाचवणार आहे ते जुनं घेताना दहा वेळा विचार करा, आणि हेल्मेट तर घेऊच नका. त्याच्यावर पुढे येतो.

आधी बॅट. बॅट कधीही संध्याकाळी किंवा स्टेशनवर बघून घ्यायची नाही. मी घेतली होती. भाच्यासाठी, दादरच्या पुलावर, रात्री साडेसातला, गर्दीत. समोरचा घाईत होता, मीही घाईत, बॅट हातात धरली, बॅलन्स छान वाटला, ग्रिप नवी होती, पैसे दिले. त्या पैशात भाच्याने स्वतःचे साठवलेले दोन हजार घातले होते. सकाळी गॅलरीत उन्हात टो गार्ड, म्हणजे बॅटच्या खालच्या टोकाला (टोला) चिकटवलेलं रबर, जरा सोलून बघितलं तर खालचं लाकूड काळपट पडलेलं, फुगलेलं, आणि रेषा अशा सुटलेल्या की भिजलेल्या केरसुणीचं टोक असावं. तरी म्हटलं बघू खेळून. नेटमध्ये तिसरा की चौथा यॉर्कर आला आणि टोचा अंगठ्याएवढा तुकडा उडाला. भाचा काही बोलला नाही, तुकडा उचलून खिशात ठेवला. तेव्हापासून मी टो गार्ड काढून बघितल्याशिवाय कोणाचीच बॅट घेत नाही, मित्राची असली तरी.

मुंबईत हे जास्त महत्त्वाचं आहे कारण आपण पावसात खेळतो. मुंबईच्या क्लबांची कांगा लीग १९४८ पासून मुख्यतः पावसाळ्यात खेळतात, ओल्या विकेटवर बॅट्समन तयार व्हावा म्हणून, आणि ते खरंच मोठं शिक्षण आहे, पण ओल्या मैदानावर स्टान्स घेऊन बॅट टेकवत राहिलं की टो पाणी पितो. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विकायला आलेली बॅट असेल तर टो दोनदा बघा. बॅटच्या फेसवरून, म्हणजे बॉल लागतो त्या सपाट बाजूवरून, बोट सरळ खाली टोपर्यंत फिरवायचं, शेवटी बोटाला चढ लागला म्हणजे लाकूड फुगलंय. मग नख दाबून बघायचं. चांगलं लाकूड नखाला दाद देत नाही, पाणी प्यालेलं लाकूड मऊ लागतं आणि खूण राहते.

टोनंतर हँडल. टो दोन्ही पावलांत घट्ट धरा आणि हँडल दोन्ही हातांनी टॉवेल पिळतो तसं पिळा. करकर आवाज आला किंवा जोडाजवळ हललं तर हँडल सुटत चाललंय. जोड म्हणजे हँडल जिथे व्ही आकारात ब्लेडमध्ये शिरतं ती जागा, तिथे बारीक रेघ दिसते का ते उन्हात तिरपी धरून बघा. आणि जुन्या बॅटवर कोरी ग्रिप दिसली की ती खाली गुंडाळून दाखवायला सांगा, आतला दोरा नीट असेल तर विकणाऱ्याला दाखवायला काही वाटत नाही. पण एक सांगतो, हँडल गेलेली पण ब्लेड चांगली असलेली बॅट मिळाली तर सोडू नका. हँडल बदलून देणारे कारागीर मुंबईत आहेत, धोबी तलावला मेट्रो सिनेमाच्या आसपासच्या स्पोर्ट्सच्या दुकानांत विचारलं तर पत्ता मिळतो, आणि अशी बॅट अगदी कमी पैशात येते.

मग आवाज. लाकडी हातोडी किंवा मोज्यात घातलेला जुना बॉल घेऊन फेसवर वरपासून खालपर्यंत हळूहळू टकटक करत जायचं. चांगल्या लाकडाचा आवाज मोकळा येतो आणि बॉल उसळतो, आतून तडा असेल तिथे आवाज एकदम बसका होतो. आपल्याकडे म्हणतात ना स्ट्रोक आहे की नाही, ते असंच कळतं, दुकानात उभं राहून हवेत दोन ड्राइव्ह मारून नाही.

फेसवरच्या बारीक केसासारख्या चिरा बघून घाबरू नका, खेळलेल्या विलोला त्या येणारच. एजवरच्या, म्हणजे कडेच्या, चिरेत नख शिरत असेल तर भाव कमी करून मागा, आणि चीर एजवरून वळून पाठीवर गेली असेल तर बॅट परत द्या. फायबर टेप लावलेली असेल तर खाली काय आहे ते विचारा. टेपचे थरावर थर असतील तर मॅचमध्येही अडचण येऊ शकते, नियमाप्रमाणे ब्लेडवरचं आवरण १ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. तसंच ऑक्टोबर २०१७ पासून एज ४० मिलिमीटर आणि मधली जाडी ६७ मिलिमीटर ही कमाल मर्यादा आहे, त्याच्या आधीची जाडजूड बॅट कोणी कौतुकाने दाखवली तर मोजून घ्या.

स्टिकरला पैसे देऊ नका. स्टिकर सुटे मिळतात, काश्मीर विलोवर इंग्लिश विलोच्या मोठ्या कंपनीचा स्टिकर लावलेला मी खूप वेळा बघितलाय. काश्मीर विलो साधारणपणे जड असते, रंगाला तपकिरी असते. ग्रेन्सचंही (फेसवरच्या उभ्या रेषांचंही) तसंच, बारा ग्रेन्स आहेत म्हणून लोक उड्या मारतात, पण जास्त ग्रेन्सची बॅट लवकर खुलते आणि बऱ्याचदा लवकर संपतेही, सहा-सात सरळ ग्रेन्सची जुनी बॅट जास्त दिवस चालू शकते. आणि फार हलकी जुनी बॅट मिळाली तर खूश होण्याआधी विचारा की कुठे ठेवली होती. माळ्यावर दोन-तीन वर्षं पडलेली बॅट सुकून हलकी होते, आणि सुकलेलं लाकूड पहिल्या जोरदार बॉलला फुटतं. टेनिस बॉलवर खेळणाऱ्यांची पाठ कोरलेली बॅट सीझन बॉलला घेऊ नका, ती त्यासाठी बनवलेलीच नसते.

साइझबद्दल आईबाबांना एवढंच सांगीन की "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठी बॅट घेऊ नका, त्या एका वर्षात पोराचा बॅकलिफ्ट (बॅट मागे उचलणं) बिघडतो आणि तो सुधारायला सरांना दोन वर्षं लागतात. पोराला स्टान्समध्ये उभं करा, बॅट पुढच्या पायाला बाहेरून टेकवा, हँडलचं टोक कमरेच्या सांध्यापर्यंत यावं. मग वरच्या हाताने, एकाच हाताने, बॅट समोर आडवी धरायला सांगा. दहा आकडे म्हणेपर्यंत हात थरथरला तर जड आहे.

आता हेल्मेट. जुनं घेऊ नका आणि विकूही नका. नोव्हेंबर २०१४ मध्ये फिल ह्यूजला मानेवर बॉल लागला आणि तो गेला, त्यानंतर मानेच्या मागच्या गार्डबद्दल सगळे बोलायला लागले, पण आपल्याकडे अजूनही पोरं दादाचं आठ वर्षं जुनं हेल्मेट घालून येतात. हेल्मेटच्या आतला फोम एक जोरदार बॉल झेलला की दबतो, वरून कवच कोरं दिसतं, दुसऱ्या बॉलला तो फोम तेवढा झेलेलच असं नाही. त्या हेल्मेटने काय काय झेललंय हे विकणाऱ्यालाही आठवत नसतं. पैसे कमी असतील तर बॅट जुनी घ्या, बॅग जुनी घ्या, पण हेल्मेट नवीन, बीएस ७९२८:२०१३ हे मार्किंग आत आहे का बघून. आणि तुमच्याकडच्या हेल्मेटला जोरात लागलेलं असेल तर पट्टा कापून टाकून द्या, नुसतं कचऱ्यात ठेवलं तर कोणीतरी उचलून वापरेल. गार्ड, म्हणजे पँटच्या आत घालायचा, तोही ज्याचा त्याचा.

पॅड जुने चालतात. गुडघ्याजवळचा भाग मुठीने दाबा, आत पोकळ लागला तर नको, पट्ट्यांचं वेल्क्रो धरतंय का बघा, ते मोच्याकडून बदलून मिळतं. ग्लोव्हज मी फारसे घेत नाही, घामाने तळवा कडक होतो आणि आतून वासही जात नाही, घ्यायचेच तर बोटांवरचं पॅडिंग एकेक दाबून बघा. कीपिंग ग्लोव्हजमध्ये तळव्याचं रबर गुळगुळीत झालं असेल तर बॉल सुटतो. स्पाइक्सचे शूज घेताना एक-दोन खिळे चावीने फिरवून बघा, लाल माती आणि पावसाने आटे गंजलेले असतात.

क्लबांचा व्यवहार वेगळा असतो. काथ्याची मॅट घ्यायची असेल तर गुंडाळीत बघून हो म्हणू नका, पूर्ण २२ यार्ड अंथरायला लावा, गुड लेंग्थच्या, म्हणजे बॉलचा टप्पा जास्त पडतो त्या, जागी आणि क्रीजजवळ विरळ झालीय का बघा, एक कोपरा उचलून उजेडासमोर धरा, आणि हुंगा. कुबट वास आला तर ती पावसात ओली गुंडाळून ठेवलेली आहे, आतून कुजलेली असणार. नेटचा एक दोरा हाताने जोरात ओढा, उन्हाने गेलेलं नायलॉन पटकन तुटतं, आणि नेट फाटला तर बाजूला उभ्या असलेल्या पोराच्या डोक्यात बॉल जातो. बोलिंग मशीन असेल तर सलग तीस-चाळीस बॉल टाकून बघा, दोन्ही चाकं झिजलीत का, गरम झाल्यावर आवाज बदलतो का. टेम्पोचं भाडं कोण देणार ते आधीच ठरवा, यावरून चांगल्या ओळखीच्या क्लबांत वाकडं आलेलं बघितलंय.

क्लब विकत असेल तर कमिटीच्या मीटिंगमध्ये ठराव, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (सामानाच्या वहीत) नोंद आणि क्लबच्या नावाने पावती, एवढं कराच. सामान कोणा एकाच्या घरचं नसतं, वर्गणीतून आलेलं असतं.

विकताना फोटो गच्चीवर दिवसा काढा. फेस, पाठ, दोन्ही एज, टो गार्ड काढून टो, ग्रिप खाली करून जोड, आणि किचनच्या काट्यावर ठेवून वजन. मेसेज असा लिहा: "एसएच (शॉर्ट हँडल), ११८० ग्रॅम, दोन सीझन खेळलेली, त्यातला एक कांगा. डाव्या एजला चीर आहे, दोरा मारून घेतलाय, एकदा हँडल बदललंय. टो कोरडा. रविवारी सकाळी नेट्सला या, मारून बघा." दोष आधीच सांगितला की घासाघीस कमी होते, आणि तो माणूस पुढच्या महिन्यात शिवाजी पार्कला किंवा आझाद मैदानावर समोर भेटणारच असतो. भावाचं माझं असं आहे की एक सीझन खेळलेल्या सुदृढ बॅटला नव्याच्या अर्ध्यापेक्षा जास्त मी देत नाही आणि मागतही नाही, दुरुस्ती झालेली असेल तर तिसरा हिस्सा. लहान साइझचं किट विकायचं असेल तर एप्रिलमध्ये, उन्हाळी कॅम्प सुरू होतात तेव्हा मागणी असते, आणि घ्यायचं असेल तर कॅम्प संपल्यावर जूनमध्ये, जेव्हा बरीच मुलं खेळ सोडतात.

पैसे मालासमोर द्या. अनोळखी माणूस म्हणाला "मी क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील", तर फोन ठेवा, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे तुमचेच गेले. आणि भेटायचं ते मैदानावर, नेट्स चालू असताना, म्हणजे दहा बॉल खेळून बघता येतात आणि सरही तिथे असतात.

बॅट घरी आली की लगेच खेळायला काढू नका. जुनी टेप आणि टो गार्ड काढा, बारीक सँडपेपर हलका फिरवा, अळशीच्या तेलाचा एकच पातळ हात फेस, एज आणि पाठीला द्या, जोडाला तेल लागू देऊ नका, आणि बॅट आडवी ठेवा, भिंतीला उभी ठेवली तर सगळं तेल टोमध्ये उतरतं. दुसऱ्या दिवशी कोरड्या कपड्याने पुसा, नवा टो गार्ड चिकटवा, आणि पहिले दोन दिवस नेटमध्ये फक्त जुन्या, मऊ झालेल्या बॉलवर खेळा.