कोकणात जुन्या गाडीचा रंग पत्र्यापर्यंत उतरवताना

पद्मिनी असो वा अँबेसेडर, हे काम डिसेंबर-जानेवारीतच काढा. खाऱ्या, दमट हवेत उघडा पत्रा काही तासांतच तांबूस होतो. म्हणून अख्खी गाडी एकदम सोलू नका. आज बॉनेट, उद्या मडगार्ड.

आधी गोड्या पाण्याने धुवा. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी नकोच, त्यातलं मीठ पत्र्यावर राहतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, मास्क हवाच.

पेंट रिमूव्हरचा जाड थर द्या, वर प्लास्टिक पसरा. रंगाला सुरकुत्या पडून तो फुगला की पत्र्याची पट्टी आडवी धरून खरवडा. दाराच्या दुमडलेल्या कडांपासून इंचभर अंतर सोडा. तिथे रिमूव्हर मुरला की महिन्याभराने नवा रंग फोड धरून उठतो. कडा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने हातानेच घासा.

सपाट पत्र्यावर ग्राइंडर एका जागी ठेवू नका. पत्रा तापून लाटा येतात, मग किलोभर पुट्टीनेही त्या लपत नाहीत. जुन्या पुट्टीखाली काळे ठिपके दिसले तर टोचून पाहा. टोक आरपार गेलं तर तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करा.

शेवटी थिनरने पुसा, उघड्या हाताने शिवू नका. त्याच दिवशी, दुपारच्या कोरड्या हवेत, इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा गंज रोखणारा पहिला थर, मारा.